जुन्यांना मुभा, नव्यांना सक्ती : आइस हॉकीतल्या हेल्मेटचा मागोवा

1997 मध्ये क्रेग मॅकटॅविश निवृत्त झाला आणि एनएचएलच्या बर्फावरून शेवटचं उघडं डोकं गेलं. एनएचएल म्हणजे नॅशनल हॉकी लीग, अमेरिका आणि कॅनडातली आइस हॉकीची सर्वांत मोठी व्यावसायिक लीग. मॅकटॅविश तेव्हा 38 वर्षांचा होता आणि सेंट लुइस ब्लूजकडून खेळत होता. भोवती सगळे हेल्मेट घातलेले, आणि त्यांच्यात या एकट्याचे केस मोकळे. तो नियम मोडत नव्हता. नियमानंच त्याला तशी मुभा दिली होती. 1979 मध्ये लीगनं हेल्मेट सक्तीचं केलं ते फक्त नव्यांना. त्या वर्षीच्या 1 जूनच्या आधी ज्यांनी व्यावसायिक करार केला होता, त्यांनी आपल्या जबाबदारीवर खेळत असल्याचं लिहून दिलं की उघड्या डोक्यानं खेळायला हरकत नव्हती. मॅकटॅविशचा करार त्या तारखेच्या आधीचा होता. ही मुभा तो पुढं 18 वर्षं वापरत राहिला.

या खेळात पायाखाली दगडासारखा बर्फ असतो आणि पायात धारदार पोलादी पाती. सुमारे 170 ग्रॅमचा कडक रबरी पक ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगानं सुटतो आणि अंगावर धडकून प्रतिस्पर्ध्याला अडवणं नियमात बसतं. अशा खेळाला डोकं झाकायला इतकी वर्षं का लागली? हेल्मेटची वंशावळ मांडायला घेतली, की तिच्यात कारागिरांची आणि कंपन्यांची नावं थोडीच येतात. बाकी नावं आहेत ती मध्येच थांबलेल्या खेळाडूंची. डोक्यापासून मानेपर्यंतचं एकेक कवच कुणीतरी आपली कारकीर्द, डोळा नाहीतर प्राण देऊन कमावलेलं आहे.

बोस्टनची रात्र

एनएचएलमध्ये नियमितपणे हेल्मेट घालणारा पहिला खेळाडू म्हणून बोस्टन ब्रुइन्सच्या जॉर्ज ओवेनचं नाव घेतलं जातं. हार्वर्डमध्ये असताना तो अमेरिकन फुटबॉल खेळला होता. 1928-29 च्या हंगामात तो त्या खेळातलं चामड्याचं हेल्मेट घालून बर्फावर उतरला. त्याचं पाहून कुणी घातलं नाही. टोपी चालत होती, पण हेल्मेट म्हणजे भित्रेपणा.

त्याच 1928-29 च्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवले ते टोरोंटो मेपल लीफ्सच्या आर्व्हिन 'एस' बेलीनं. 22 गोल आणि 10 साहाय्य, असे 32. पाच वर्षांनी, 12 डिसेंबर 1933 रोजी, लीफ्सचा संघ बोस्टनमध्ये खेळत होता. लीफ्सच्या किंग क्लॅन्सीनं ब्रुइन्सचा दांडगा बचावपटू एडी शोअर याला पाडलं. शोअर संतापून उठला आणि समोर पाठमोरा दिसलेल्या खेळाडूवर मागून धडकला. तो क्लॅन्सी नव्हता, बेली होता. बेली हवेत उडाला आणि त्याचं डोकं बर्फावर आपटलं. ते पाहून लीफ्सच्या रेड हॉर्नरनं एका ठोशात शोअरलाही आडवं केलं. दोन्ही संघांचा एकेक माणूस बर्फावर बेशुद्ध पडला होता.

बेलीच्या कवटीला तडा गेला होता. बोस्टनच्या डॉक्टरांनी मेंदूवर दोन शस्त्रक्रिया केल्या. तो जगणार नाही असं गृहीत धरून वृत्तपत्रांनी मृत्युलेख तयार ठेवले होते. बेली वाचला, पण पुन्हा कधीच खेळू शकला नाही. तेव्हा तो 30 वर्षांचा होता.

पुढचं दृश्य टोरोंटोच्या मेपल लीफ गार्डन्समधलं आहे. 14 फेब्रुवारी 1934. बेलीच्या मदतीसाठी लीफ्स आणि लीगमधले निवडक तारे यांच्यात सामना ठेवला होता. 16 सामन्यांची बंदी भोगून आलेला शोअर ताऱ्यांच्या संघात होता. बर्फाच्या मधोमध साध्या कपड्यांत उभा असलेला बेली एकेका खेळाडूला त्याची जर्सी देत होता. शोअर पुढं आला तेव्हा प्रेक्षागार क्षणभर गप्प झालं. बेलीनं हात पुढं केला, शोअरनं तो धरला आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या सामन्यातून सुमारे 20,000 डॉलर उभे राहिले. लीफ्सनं बेलीचा 6 क्रमांक कायमचा बाजूला ठेवला. एखाद्या खेळाडूचा क्रमांक असा निवृत्त करण्याची एनएचएलमधली पद्धत तिथून सुरू झाली. लीगच्या वार्षिक ऑल-स्टार सामन्याचं मूळही त्याच रात्रीत सापडतं.

म्हणजे एका फुटलेल्या कवटीतून खेळाला दोन सुंदर प्रथा मिळाल्या. हेल्मेट मात्र मिळालं नाही. शोअर त्यानंतर हेल्मेट घालून खेळू लागला. ज्यानं मारलं त्याला भीती कळली. बाकीचे उघड्या डोक्यानंच खेळत राहिले.

चेहऱ्याची वाट

डोक्याच्या आधी चेहरा झाकला गेला, आणि तोही गोलरक्षकाचा. 1930 च्या जानेवारीत मॉन्ट्रियल कॅनेडियन्सच्या हॉवी मोरेन्झचा एक फटका मॉन्ट्रियल मरून्सचा गोलरक्षक क्लिंट बेनेडिक्ट याच्या तोंडावर बसला. काही आठवड्यांनी बेनेडिक्ट चामड्याचा मुखवटा बांधून परतला, पण त्यातून नीट दिसत नसल्यानं त्यानं तो लवकरच काढून टाकला. पुढं मोरेन्झचाच आणखी एक फटका त्याच्या गळ्यावर बसला आणि त्या वर्षी त्याची एनएचएलमधली कारकीर्द संपली.

मोरेन्झ त्या काळातला सर्वांत वेगवान खेळाडू. सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा हार्ट करंडक त्यानं तीनदा जिंकला. 28 जानेवारी 1937 रोजी मॉन्ट्रियलच्या फोरममध्ये त्याच्या स्केटचं टोक कडेच्या फळ्यांत अडकलं, वर शिकागोचा बचावपटू कोसळला आणि पायाच्या हाडाचे तुकडे झाले. 8 मार्चला तो रुग्णालयातच गेला, वयाच्या 34 व्या वर्षी. त्याची शवपेटी फोरमच्या मधोमध ठेवली आणि हजारो माणसं शेवटचं दर्शन घेऊन गेली. त्याचा पाय हेल्मेटनं वाचला नसताच. पण त्याची कथा सांगितल्याशिवाय या खेळाचा स्वभाव कळत नाही. खेळताना मोडलेल्या माणसाला हा खेळ डोक्यावर घेतो, त्याच्या नावानं सामने भरवतो. तो मोडू नये म्हणून काय करायचं, हा प्रश्न मात्र पुढं ढकलतो.

बेनेडिक्टचा मुखवटा परत यायला जवळपास 30 वर्षं लागली. 1 नोव्हेंबर 1959 रोजी न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटच्या फटक्यानं कॅनेडियन्सचा गोलरक्षक जाक प्लांट याचा चेहरा फाटला. टाके घालून झाल्यावर त्यानं सांगितलं, मुखवटा घालू दिला तरच खेळेन. सरावात तो फायबरग्लासचा मुखवटा आधीपासून वापरत होता, पण सामन्यात घालायला प्रशिक्षक टो ब्लेक यांचा विरोध होता. त्या रात्री दुसरा गोलरक्षक तयार नव्हता, म्हणून ब्लेकना मान तुकवावी लागली. प्लांट मुखवट्यासह उतरला, संघ जिंकत राहिला आणि त्या हंगामाचा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपदही कॅनेडियन्सनंच उचललं. मुखवट्यामुळं खेळ बिघडत नाही, हे विजयांनी सिद्ध केलं. हेल्मेटच्या बाजूनं असा विजयांचा पुरावा नव्हता. त्याच्या बाजूनं उभं राहिलं ते एक मरण.

एकच नाव, एकच तारीख

1967 मध्ये एनएचएलमधले संघ 6 चे 12 झाले आणि ज्यांना आजवर दार बंद होतं अशा अनेकांना जागा मिळाली. बिल मास्टरटन त्यांतलाच. व्यावसायिक हॉकी सोडून त्यानं नोकरी धरली होती. नव्या मिनेसोटा नॉर्थ स्टार्सनं त्याला परत बोलावलं, आणि या संघाचा एनएचएलमधला अगदी पहिला गोल त्याच्याच स्टिकवरून झाला.

13 जानेवारी 1968 रोजी ओकलंडविरुद्धच्या सामन्यात तो पक पुढं देत असतानाच दोन बचावपटू त्याच्यावर आले. तो मागं फेकला गेला आणि डोक्याची मागची बाजू बर्फावर आदळली. डोक्यावर काही नव्हतं. 15 जानेवारीच्या पहाटे तो गेला. वय 29. एनएचएलच्या सामन्यात झालेल्या दुखापतीनं थेट मृत्यू आलेला तो एकमेव खेळाडू आहे.

त्याच्या नावाचा करंडक त्याच वर्षी सुरू झाला. चिकाटी, खिलाडूपणा आणि खेळावरची निष्ठा यांसाठी तो दरवर्षी दिला जातो. गंभीर दुखापतीतून उठून परतलेल्या किती खेळाडूंच्या हाती तो आजवर गेला, हे पाहिलं की गलबलून येतं. पण 1968 मध्येही करंडक आला आणि सक्ती आली नाही. काही खेळाडू मात्र आपापला निर्णय घेत होते. शिकागोच्या स्टॅन मिकिटाच्या कानाचा तुकडा एका फटक्यानं उडाला आणि तेव्हापासून तो हेल्मेट घालू लागला. सप्टेंबर 1969 मध्ये ओटावात, हंगामाआधीच्या सामन्यात, बोस्टनचा टेड ग्रीन आणि सेंट लुइसचा वेन माकी स्टिका उगारून भिडले. ग्रीनची कवटी फुटली. दोघांवर फौजदारी खटले भरले गेले आणि दोघेही निर्दोष सुटले. वर्षभरानं ग्रीन परत खेळू लागला तो हेल्मेट घालून.

1972 मध्ये कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामन्यांची गाजलेली मालिका झाली. सोव्हिएत संघाचा प्रत्येक खेळाडू हेल्मेट घालून उतरला. कॅनडाच्या संघात हेल्मेटवाले मोजकेच होते. त्या मोजक्यांतल्या पॉल हेंडरसननं शेवटच्या मिनिटाला निर्णायक गोल केला, आणि कॅनडाच्या स्मरणात कायमचं कोरलं गेलेलं ते छायाचित्र हेल्मेट घातलेल्या माणसाचं आहे. भित्रेपणाचा शिक्का पुसायला अशा छायाचित्रांनी मोठी मदत केली. पुढच्या सात वर्षांत बहुतेकांनी आपणहून हेल्मेट घातलं आणि 1979 मध्ये नियम आला. मास्टरटनला जाऊन 11 वर्षं झाली होती आणि बेलीच्या त्या रात्रीला 46.

जिथं हेल्मेट पोहोचत नाही

नियम आला त्याच वर्षी बॉबी ऑर याचा समावेश हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये झाला. वय 31. त्या वयात बाकीचे खेळाडू भरात असतात. बचावपटूनं मागं थांबायचं, ही समजूत ऑरनं मोडीत काढली. बचावपटू असून लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवण्याचा पराक्रम त्यानं दोनदा केला आणि तो आजही त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्यानं ओळीनं आठ वर्षं जिंकला. पण पहिल्याच हंगामात दुखावलेला डावा गुडघा पुन्हा पुन्हा उघडावा लागला. डझनाहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. शेवटी शिकागो संघाकडून तो मोजून 26 सामने खेळला आणि खेळलो नाही त्याचे पैसे घेणार नाही म्हणून पगाराचे धनादेशही त्यानं वटवले नाहीत. 1978 मध्ये तो थांबला तेव्हा त्याच्या नावावर 657 सामने होते. न्यूयॉर्क आयलंडर्सच्या माइक बॉसीचंही असंच झालं. सलग नऊ हंगाम 50 किंवा अधिक गोल करणाऱ्या या खेळाडूला पाठीनं तिशीतच घरी बसवलं.

गुडघ्याला आणि पाठीला हेल्मेट नसतं, हे समजण्यासारखं आहे. पण पुढच्या पिढीनं दाखवून दिलं की डोकंसुद्धा हेल्मेटमध्ये पुरतं सुरक्षित नसतं. एसटीचा ड्रायव्हर करकचून ब्रेक दाबतो तेव्हा गाडीच्या पत्र्याला काही होत नाही, आत उभे असलेले प्रवासी मात्र एकमेकांवर आदळतात. हेल्मेट कवटीचा पत्रा सांभाळतं. आतला मेंदू हादरतो, पिळवटतो, तो आपल्या जडत्वानं. त्यालाच कन्कशन म्हणतात. बाहेर रक्त नाही, टाका नाही, प्लास्टर नाही. त्यामुळं खेळाडूला स्वतःलाही पुन्हा पुन्हा वाटतं, आपण बरे आहोत.

लिंड्रोस भावांची गोष्ट यातली सर्वांत बोलकी आहे. धाकटा ब्रेट 1996 मध्ये, 51 सामने खेळून, वयाच्या 20 व्या वर्षी निवृत्त झाला. डोक्याला बसलेले हादरे आणखी सोसणं धोक्याचं होतं. थोरला एरिक 1995 चा हार्ट करंडक विजेता, फिलाडेल्फिया फ्लायर्सचा कर्णधार. एक कन्कशन संघाच्या प्रशिक्षण चमूच्या ध्यानात आलं नाही, असं तो मार्च 2000 मध्ये उघडपणे बोलला आणि त्याचं कर्णधारपद गेलं. त्याच वर्षी 26 मे रोजी, बाद फेरीच्या सातव्या सामन्यात, पक घेऊन मान खाली घालून तो मधल्या भागातून आत शिरला आणि न्यू जर्सी डेव्हिल्सच्या स्कॉट स्टीव्हन्सचा खांदा त्याच्या जबड्यावर बसला. तेव्हाच्या नियमांप्रमाणं ती धडक वैध होती. एरिक पुढचा अख्खा हंगाम खेळला नाही. नंतर परतला, पण पूर्वीचा एरिक पुन्हा दिसला नाही.

तीन वर्षांनी तोच खांदा अॅनाहाइमच्या पॉल कारियावर आला. जून 2003, स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीचा सहावा सामना, अॅनाहाइम. कारिया बर्फावर निपचित पडला. कॅमेरा जवळ गेला. चेहऱ्यासमोरची पारदर्शक काच कोरडी होती. काही क्षण तसेच गेले, आणि मग श्वासाच्या वाफेनं ती काच एकदम धुरकट झाली. लाखो लोकांनी तो पहिला श्वास पाहिला. कारियाला आत नेलं. थोड्याच वेळात तो परत आला आणि त्यानं गोल केला. प्रेक्षक उठून नाचले. त्या वेळी ते शौर्य वाटलं. आज ते दृश्य पाहताना पोटात खड्डा पडतो, कारण हादरलेला मेंदू काही मिनिटांत पुन्हा रणात उतरवला गेला होता. कारिया 989 सामन्यांत 989 गुण करून 2011 मध्ये थांबला. कारण डोकंच. आणि स्टीव्हन्स? जानेवारी 2004 नंतर तोही खेळला नाही. कन्कशननंतरच्या त्रासानं त्यालाही गाठलं. 1933 मध्ये शोअरला जे कळलं होतं, ते 70 वर्षांनी स्टीव्हन्सच्या वाट्याला आलं.

मार्च 2010 मध्ये बोस्टनच्या मार्क सॅव्हार्डच्या डोक्यावर बाजूनं धडक बसली. मारणाऱ्याला शिक्षा झाली नाही, कारण तसा नियमच नव्हता. त्याच महिन्यात, हंगाम चालू असतानाच, डोक्याला लक्ष्य करून बेसावध माणसाला बाजूनं मारण्यावर बंदी आली. सॅव्हार्डचा शेवटचा सामना त्यानंतर वर्षाच्या आत झाला. दुखापतींचा हिशेब मैदानाबाहेरही सुरू झाला होता. रेगी फ्लेमिंग, डेरेक बूगार्ड या एनएचएल खेळाडूंच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूंची तपासणी झाली आणि वारंवारच्या माराशी निगडित असलेला सीटीई हा ऱ्हासाचा आजार त्यांत आढळला. बूगार्ड अवघा 28 वर्षांचा होता. 300 हून अधिक माजी खेळाडूंच्या दाव्यात लीगनं 2018 मध्ये 1 कोटी 89 लाख डॉलरवर तडजोड केली, जबाबदारी न स्वीकारता.

डोळा आणि मान

डोळ्यासमोरच्या काचेची, म्हणजे व्हायझरची, वाटचालही तशीच झाली. मार्च 2000 मध्ये टोरोंटोच्या ब्रायन बेरार्डच्या उजव्या डोळ्यात प्रतिस्पर्ध्याची स्टिक गेली. सात शस्त्रक्रियांनंतर तो परतला आणि 2004 चा मास्टरटन करंडक त्याला मिळाला. मार्च 2011 मध्ये व्हँकुव्हरच्या मॅनी मल्होत्राच्या डाव्या डोळ्यावर पक आदळला. मल्होत्रा वडिलांकडून भारतीय वंशाचा, फेसऑफ जिंकण्यात तरबेज. पंचांनी पक टाकल्या क्षणी तो आपल्याकडं ओढायचा, हे काम नजरेच्या धारेवर चालतं. तीन महिन्यांत तो चेहरा पूर्ण जाळीनं झाकून थेट अंतिम फेरीत उतरला आणि व्हँकुव्हरच्या प्रेक्षकांनी उभं राहून त्याचं स्वागत केलं. पण दृष्टी पूर्ववत झाली नाही. 2013 मध्ये त्याच्याच संघानं, त्याच्या काळजीपोटी, त्याला उरलेल्या हंगामासाठी खेळण्यापासून थांबवलं. त्याच वर्षी व्हायझर सक्तीचं झालं. कुणाला? 25 हून अधिक सामने न खेळलेल्यांना. जुन्यांना मुभा.

आता पाळी मानेची. 22 मार्च 1989 रोजी बफेलोचा गोलरक्षक क्लिंट मलारचक याच्या मानेची रक्तवाहिनी स्केटच्या पात्यानं कापली गेली. व्हिएतनाम युद्धात सैनिकांवर उपचार केलेला संघाचा ट्रेनर धावत आला, त्यानं रक्तवाहिनी हातानं दाबून धरली आणि मलारचक वाचला. त्यानंतर 34 वर्षं एनएचएलमधल्या बहुतेक खेळाडूंच्या माना उघड्याच राहिल्या. 28 ऑक्टोबर 2023 रोजी इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये नॉटिंगहॅम पँथर्सकडून खेळणाऱ्या अॅडम जॉन्सनला तसंच पातं लागलं. तो वाचला नाही. जॉन्सन मूळचा मिनेसोटाचा. वय 29, मास्टरटनइतकंच.

ब्रिटनच्या लीगनं दोन-तीन महिन्यांत मानेचं कवच सक्तीचं केलं. एनएचएलमध्ये ही सक्ती 2026-27 च्या हंगामापासून ठरली आहे, आणि तीही फक्त त्या हंगामापासून लीगमध्ये पहिलं पाऊल टाकणाऱ्यांना. 1979, 2013, 2026. प्रत्येक वेळी तेच सूत्र.

या सूत्रामागचं कारण मला समजतं. वीस वर्षं एका पद्धतीनं खेळलेल्या माणसाच्या अंगावर नवी वस्तू चढवणं सोपं नसतं, आणि खेळाडूंची संघटनाही स्वातंत्र्यासाठी भांडते. पण या सूत्राचा अर्थ असा होतो, की हा खेळ चालत्या पिढीला कधीच बदलायला सांगत नाही. तो पिढी संपण्याची वाट पाहतो. त्या वाट पाहण्यात आणखी एखादी कारकीर्द जाऊ शकते, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

एस बेली दुखापतीनंतर दीर्घायुषी झाला. मेपल लीफ गार्डन्समध्ये अनेक वर्षं तो सामन्यांची वेळ नोंदवायला बसत असे. 1968 मध्ये त्यानं आपला 6 क्रमांक बंद पेटीतून काढायला लावून तरुण रॉन एलिसला दिला. समोरच्या बर्फावर एकेक डोकं झाकलं जाताना त्यानं त्या टेबलामागून पाहिलं. 1992 मध्ये, 88 व्या वर्षी, तो गेला. तेव्हाही मॅकटॅविश उघड्या डोक्यानं खेळत होता.

मानेचं कवच न घालता खेळणारा शेवटचा खेळाडू आज विशीत असेल. तो निवृत्त होईपर्यंत पंधरा-वीस वर्षं सहज जातील. त्यानं नियमाची वाट न पाहता उद्याच सरावाला येताना ते कवच मानेला बांधावं, एवढंच या वंशावळीतली सगळी नावं त्याला सांगताहेत.